पुलाची शाकारणी : उल्हास खोऱ्याला छपराच्या पुलांकडून काय शिकता येईल?

१/
जगातल्या छपराच्या लाकडी पुलांची छायाचित्रे आपण सर्वांनीच पाहिली आहेत. नदीवर जणू एखादे लांबोडके घरच बांधले आहे, असे ते पूल दिसतात. ती पाहताना एक प्रश्न साहजिकच मनात येतो : असा पूल आपल्याकडे का नाही? उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात तर पावसाची कमतरता नाही आणि नद्या-ओढ्यांचीही नाही. या धाग्यात आधी त्या प्रश्नाचे उत्तर शोधू. मग माझे मत मांडतो. ते असे की, आपल्याकडे छपराचे पूल नाहीत याची खंत करण्याचे कारण नाही; छप्पर घालण्यामागची वृत्ती आपण गमावली, याची मात्र खंत करायला हवी.

२/
प्रथम एक गैरसमज दूर करू. पुलावरचे छप्पर वाटसरूंना पाऊस लागू नये म्हणून घातलेले असते, असे अनेकांना वाटते. वाटसरूंना आडोसा मिळतो हे खरे, पण छपराचे मुख्य काम पुलाला वाचवणे हे आहे. लाकडी पुलाचे बळ त्याच्या दोन्ही बाजूंच्या तुळया आणि तिरक्या आधारांच्या चौकटीत असते. या लाकडांच्या सांध्यांत पाणी मुरले की लाकूड कुजते आणि सांधे सैल होतात. उघडा लाकडी पूल दहा-पंधरा वर्षांत थकतो. छपराखालचा पूल नीट राखला तर शंभर वर्षे सहज टिकतो.

३/
अमेरिकेत या युक्तीची सुरुवात फिलाडेल्फियाच्या पुलापासून झाली, असे मानले जाते. टिमथी पामर या बांधकाम-कारागिराने श्युलकिल नदीवर लाकडी पूल उभारला आणि तो १८०५ मध्ये खुला झाला. पुलावर छप्पर घालावे हा आग्रह पूल कंपनीचे अध्यक्ष रिचर्ड पीटर्स यांचा होता. हिशेब साधा होता : छपराची फळी आणि कौल स्वस्त, आतली तुळई महाग. स्वस्त वस्तू वेळोवेळी बदलावी, म्हणजे महाग वस्तू वाचते.

४/
हा हिशेब आपल्याला परका नाही. कोकणात आणि ठाणे जिल्ह्याच्या गावांत मृगापूर्वी घर शाकारण्याची रीत होती. फुटकी कौले बदलायची, गवताचे छप्पर नव्याने चढवायचे, पश्चिमेकडून येणाऱ्या तिरप्या पावसासाठी पडवीला झड बांधायची. छपराच्या पुलाला बाजूने ठोकलेल्या फळ्या म्हणजे पुलाची झडच. शाकारणी हे मोठे बांधकाम नव्हे, त्याचे उद्घाटन होत नाही आणि त्यावर कुणाचे नाव कोरले जात नाही. पण ती एक वर्ष चुकली की भिंत ओली होते आणि चार वर्षे चुकली की घर बसते.

५/
मग आपल्या पूर्वजांनी पुलांना छप्पर का घातले नाही? याचे एक कारण आपल्या नद्यांच्या स्वभावात आहे. उल्हास नदी बोरघाटाच्या परिसरात उगम पावते, कर्जत, नेरळ, बदलापूर असे करीत कल्याणजवळ खाडीला मिळते. वर्षाचे आठ महिने तिचा आणि तिच्या ओढ्यांचा प्रवाह अनेक ठिकाणी उताराने ओलांडता येई. पावसाळ्यात मात्र तीच नदी असे रूप घेते की लाकडी पुलाचा शत्रू वरून पडणारा पाऊस न राहता खालून येणारा लोंढा होतो. त्या लोंढ्यापुढे छप्पर काय कामाचे?

६/
या लोंढ्याचा अंदाज हवा असेल तर फार मागे जाण्याची गरज नाही. २६ जुलै २००५ चा पूर या खोऱ्यातल्या घराघरांत अजून सांगितला जातो. २७ जुलै २०१९ रोजी महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान पाण्यात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बचाव पथकांनी बाहेर काढले. आठ महिने उताराने ओलांडता येणारी आणि एका रात्रीत रेल्वेगाडी अडवणारी नदी ही एकच आहे.

७/
अशा मुलखाने स्वतःचे उत्तर शोधले होते. त्याचे नाव साकव. ओढ्यावर टाकलेली झाडांची खोडे, वर आडव्या फळ्या किंवा बांबू, आणि हाताला आधारापुरता कठडा. साकव वाहून जाणार किंवा कुजणार हे बांधणाऱ्यांना ठाऊक असे. म्हणून तो पुन्हा घालण्याची तयारी गावाकडे असे : कोणते लाकूड घ्यायचे, कुठे टेकू द्यायचा, कोण किती माणसे देणार. छपराच्या पुलात वस्तू टिकवली जाते, साकवात ती घालण्याची विद्या टिकवली जाते. जतनाचे हे दोन वेगळे मार्ग आहेत. सरकारी कामांच्या याद्यांत साकव हा शब्द आजही आहे, मात्र बांधकाम काँक्रीटचे झाले आहे.

८/
तिसरा मार्ग दगडाचा. सह्याद्रीच्या पायथ्याशी काळा पाषाण मुबलक आहे आणि तो घडवणारे हातही येथे होते. याचा सर्वांत मोठा पुरावा अंबरनाथमध्ये वालधुनी नदीच्या काठी उभा आहे. शिलाहारांच्या काळातले तेथील शिवमंदिर शके ९८२ च्या, म्हणजे इसवी सन १०६० च्या, शिलालेखामुळे कालनिश्चित आहे. साडेनऊशेहून अधिक पावसाळे या दगडाने सोसले. ज्या हवेत लाकूड कुजते त्याच हवेत घडीव दगड काय करू शकतो, हे मंदिर रोज सांगते. केंद्रीय पुरातत्त्व विभागाने ते संरक्षित केले आहे, हे आपले भाग्य. पण ज्या वालधुनीच्या काठी ते उभे आहे, तिचे पाणी कारखान्यांच्या आणि वस्तीच्या सांडपाण्याने काळे झाले आहे. वास्तू राखली, परिसर सोडून दिला.

९/
महाराष्ट्रात मोठा लाकडी पूल झालाच नाही, असे मात्र नाही. पुण्याचा लकडी पूल पानिपतच्या युद्धानंतर, नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७६१ मध्ये मुठा नदीवर बांधला गेला. त्याचे लाकूड टिकले नाही. पुढे इंग्रजी अमदानीत त्या जागी दगडी पूल आला. आज त्या पुलाचे अधिकृत नाव छत्रपती संभाजी पूल आहे आणि त्यात लाकडाचा अंशही नाही. तरी पुणेकर त्याला लकडी पूलच म्हणतात. जिथे तुळई टिकली नाही तिथे शब्द टिकला. भाषेनेच त्या पुलाला छप्पर घातले, असे म्हणायला हरकत नाही.

१०/
आता आपल्या खोऱ्यातल्या लोहमार्गाकडे येऊ. मुंबई-ठाणे गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. पण १ मे १८५४ रोजी ठाणे-कल्याण आणि १२ मे १८५६ रोजी कल्याणपासून अंबरनाथ, बदलापूर परिसरातून पळसदरीमार्गे खोपोलीपर्यंतची वाट खुली झाली, हे किती जणांना ठाऊक आहे? ज्या मार्गावरून आज आपण लोकलने कामाला जातो तो देशातल्या सर्वांत जुन्या लोहमार्गांपैकी एक आहे. ओढ्यांवरून त्याला पार नेणाऱ्या मोऱ्या आणि पूल हे या खोऱ्याच्या आधुनिक इतिहासाचे पहिले दगड आहेत.

११/
बदलापूर हे नाव घोडे बदलण्याच्या तळावरून पडले, असे लोकपरंपरा सांगते. ही व्युत्पत्ती कुणी मानो वा न मानो, तिच्यातली जाण खरी आहे : हा प्रदेश वाटेवरचा आहे. समुद्रकाठ आणि घाटमाथा यांना जोडणे हे त्याचे काम. १९४९ मध्ये कल्याणच्या लष्करी छावणीचे उल्हासनगर झाले, तेव्हा सिंधमधून निर्वासित होऊन आलेले लोकही याच वाटेवर वसले. वाटेवरच्या प्रदेशाचा इतिहास केवळ राजवाड्यांत शोधून सापडत नाही. तो उतार, साकव, मोरी आणि पूल यांत असतो. आणि नेमकी हीच स्मारके आपण स्मारके मानत नाही.

१२/
कल्याणच्या पत्री पुलाचे उदाहरण घ्या. १९१४ मध्ये बांधलेला हा पूल कल्याण आणि डोंबिवलीकडच्या रस्त्याचा कणा होता. तो धोकादायक ठरला, २०१८ च्या ऑगस्टमध्ये बंद झाला आणि १८ नोव्हेंबर २०१८ रोजी पाडला गेला. नवा पूल २०२१ च्या जानेवारीत खुला झाला. मधल्या काळात लोकांनी जी कोंडी सोसली ती बातम्यांत आली. पण १०४ वर्षे उभ्या असलेल्या त्या लोखंडी सांगाड्याचे काय झाले, त्याचा एखादा भाग तरी कुठे ठेवावा का, हा प्रश्न सार्वजनिक चर्चेत जवळजवळ आलाच नाही.

१३/
येथे कायद्याची एक गोष्ट लक्षात घ्या. केंद्राच्या १९५८ च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्यात किमान शंभर वर्षांची अट आहे. वयाच्या हिशेबाने पत्री पूल ती अट ओलांडून गेला होता. याचा अर्थ तो आपोआप संरक्षित होता असा नाही. शासनाने तसे जाहीर करावे लागते. पण मुंबईचा १८६८ चा कर्नाक पूल २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये पाडला गेला आणि १९१३ चा एल्फिन्स्टन पूल २०२५ च्या सप्टेंबरमध्ये पाडण्यासाठी बंद झाला. ही उदाहरणे एकत्र ठेवली की दिसते, पुलाने शंभरी गाठली की आपल्याला त्याचा सत्कार सुचत नाही, त्याचे पाडकाम सुचते.

१४/
या मतावर एक सबळ आक्षेप आहे आणि त्याला सामोरे गेल्याशिवाय पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा १९२८ चा दगडी कमानींचा पूल पुरात कोसळला. दोन एसटी बसगाड्या आणि इतर वाहने प्रवाशांसह वाहून गेली. ज्या घरांनी त्या रात्री माणसे गमावली त्यांच्यासमोर वारशाच्या गप्पा कशा मारणार? जुना पूल धोकादायक असेल तर तो वाहतुकीसाठी बंदच झाला पाहिजे. याबाबत माझ्या मनात तिळमात्र शंका नाही.

१५/
पण सावित्रीचा पूल केवळ जुना होता म्हणून पडला, हा निष्कर्ष घाईचा आहे. त्याच वर्षीच्या मे महिन्यात त्याची पाहणी झाली होती आणि तो वाहतुकीस योग्य मानला गेला होता. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळचा हिमालय पादचारी पूल १४ मार्च २०१९ रोजी कोसळला, त्याचीही संरचनात्मक तपासणी आधी झालेली होती. मावळात कुंडमळा येथे १५ जून २०२५ रोजी पडलेला इंद्रायणीवरचा लोखंडी पूल तर शतकभर जुना मुळीच नव्हता. म्हणजे वय हा आरोपी नाही. पाहणी झाली आणि डोळे उघडे नव्हते, हा खरा आरोप आहे.

१६/
इतिहासही हेच सांगतो. बोरघाटातल्या लोहमार्गावरचा एक मोठा दगडी पूल १८६७ च्या जुलैमध्ये कोसळला. घाटमार्ग खुला होऊन तेव्हा अवघी चार वर्षे झाली होती. दगडी कामाचा दर्जा निकृष्ट होता. तेव्हा जुने ते सोने हे जसे खोटे, तसेच नवे ते भक्कम हेही खोटे. चांगले बांधलेले आणि रोज राखलेले तेवढेच भक्कम.

१७/
याच २०१६ सालची दुसरी एक घटना शेजारी ठेवून पाहा. सावित्रीच्या दुर्घटनेनंतर सहा आठवड्यांनी, सप्टेंबरमध्ये, चीनच्या झेजियांग प्रांतातील ताइशुन भागात वादळी पुराने छपराचे तीन जुने लाकडी पूल वाहून नेले. गावकरी नदीकाठाने खाली गेले आणि वाहून गेलेली लाकडे शोधून गोळा करू लागले. पुढच्या वर्षअखेरीपर्यंत त्याच लाकडांचा शक्य तितका वापर करून तिन्ही पूल पुन्हा उभे राहिले. हे शक्य झाले, कारण ते लाकूड कुठे बसते हे सांगणारे सुतार अजून जिवंत होते. ही विद्या युनेस्कोने २००९ मध्येच तातडीने जपण्याच्या यादीत घेतली होती.

१८/
आपणही मागे राहिलो नाही : सावित्रीवरचा नवा पूल १६५ दिवसांत बांधून जून २०१७ मध्ये खुला झाला. ही कामगिरी खरोखर कौतुकाची आहे आणि कोकणच्या वाहतुकीसाठी ती अत्यावश्यक होती. पण दोन्ही घटनांतला फरक वेगाचा नाही. तिथे पूल हा गावाच्या ओळखीचा भाग होता, म्हणून त्याचे तुकडे गोळा करावेत असे माणसांना वाटले. आपल्याकडे पूल ही सरकारी मालमत्ता आहे. तो पडला की मलबा होतो.

१९/
जतन म्हणजे जुन्याला हात न लावणे, असेही समजू नका. व्हिएतनाममधील होई आन येथला छपराचा पूल २०२४ मध्ये दुरुस्तीनंतर खुला झाला, तेव्हा तो फारच नवा दिसतो अशी टीका झाली. स्वित्झर्लंडमधील लुसर्नचा चौदाव्या शतकातला पूल १९९३ मध्ये बराचसा जळला आणि आठ महिन्यांत पुन्हा बांधून खुला झाला. अमेरिकेत ब्लेनहाइमचा १८५५ चा पूल २०११ च्या पुरात गेला. पुढे त्याची प्रतिकृती उभी राहिली, कारण त्याची मोजमापे आणि रेखाटने आधीच काढून ठेवलेली होती. त्या देशाने १९९८ मध्ये छपराच्या पुलांसाठी जतनाचा स्वतंत्र राष्ट्रीय कार्यक्रमच आखला. या सर्वांत समान धागा एकच : नोंद आधी, संकट नंतर.

२०/
आपल्याकडे छपराचे पूल अगदीच नाहीत, असे तरी कसे म्हणावे? स्थानकांवरचे पादचारी पूल पाहा. वर पत्र्याचे छप्पर, दोन्ही बाजूंना कठडा, आणि खाली नदीऐवजी लोहमार्ग. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अशाच पुलावर, अचानक आलेल्या पावसात लोक छपराखाली थांबले, मागून गर्दी येत राहिली आणि चेंगराचेंगरीत २३ माणसे गेली. त्यानंतर लष्कराने जे तीन पूल उभारले, त्यांतला एक आपल्या शेजारच्या आंबिवलीचा. येथे छपराने वाटसरूला आडोसा दिला, पण पूल त्या गर्दीला पुरेल का हा विचार कुणी वेळेवर केला नाही. वरचे पत्रे म्हणजे शाकारणी नव्हे. वेळेवर घेतलेली काळजी म्हणजे शाकारणी.

२१/
म्हणून माझ्या मागण्या तीन. एक : कल्याण ते कर्जत पट्ट्यातल्या शंभरी गाठलेल्या प्रत्येक पुलाची व मोरीची सार्वजनिक सूची व्हावी, त्यात बांधणीचे वर्ष, साहित्य आणि शेवटच्या पाहणीची तारीख असावी. दोन : पाहणीचे अहवाल मराठीत आणि सर्वांना वाचता येतील असे प्रसिद्ध व्हावेत. तीन : पाडणे अटळ असेल तेव्हा आधी मोजमापे, रेखाटने आणि छायाचित्रे घेणे बंधनकारक असावे, आणि निदान नामशिला, एक कमान किंवा एक तुळई त्याच शहरात लोकांसमोर ठेवावी. पुलाच्या एकूण खर्चात हा खर्च शाकारणीइतकाच असेल.

२२/
आणि जिथे जुना पूल भक्कम आहे पण आजच्या अवजड वाहनांना पुरेसा नाही, तिथे चौथा पर्यायही आहे : नवा पूल शेजारी बांधावा आणि जुना फक्त पायी चालणाऱ्यांसाठी राखावा. यासाठी जागा आणि पैसा लागतो, प्रत्येक ठिकाणी ते जमणार नाही. लोहमार्गावर तर फारच क्वचित. म्हणूनच निवड करावी लागेल, आणि निवड करण्यासाठी आधी यादी हवी. ज्याची यादीच नाही त्याची निवड कोण करणार?

२३/
तुम्ही काय करू शकता? लोहमार्गावर किंवा धोकादायक पुलावर चढून छायाचित्रे घेऊ नका. तो गुन्हा आहे आणि त्याहून वाईट म्हणजे तो जिवाशी खेळ आहे. रस्त्यावरून, काठावरून, सार्वजनिक जागेतून दिसते तेवढेही पुष्कळ आहे. तुमच्या गावातल्या जुन्या पुलाला, मोरीला, साकवाला लोक काय नाव देतात ते लिहून ठेवा. आजी-आजोबांना विचारा की पूल होण्याआधी पलीकडे कसे जात. उतार कुठे होता, होडी कोण चालवी, पुरात पाणी कुठवर चढे. माहितीच्या अधिकाराखाली पाहणीचा अहवाल मागा. ही इतिहासाचीच साधने आहेत.

२४/
अंबरनाथचे मंदिर कुणी बांधले हे आपल्याला कळते, कारण कुणीतरी दगडावर शक आणि राजाचे नाव कोरून ठेवले. त्या एका नोंदीने साडेनऊशे वर्षे ओलांडली. आपल्या खोऱ्यातल्या पुलांवरून रोज लाखो माणसे जातात आणि त्या पुलांचे जन्मवर्षही त्यांना ठाऊक नसते. पुढचा मृग येण्यापूर्वी निदान एका पुलाची नोंद पुरी करा. तीच त्याची पहिली शाकारणी ठरेल.